चौपन्नाव्या वर्षी पडणारे प्रश्न

पत्राचा सारांश : यावल तालुक्यातील एका वाचक भगिनींचे हे पत्र आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील वगळले आहेत. त्या चौपन्न वर्षांच्या आहेत. दहावीनंतर लग्न झाले आणि तेव्हापासून घर, गोठा आणि शेत यांतच त्यांचे आयुष्य गेले. घरची केळी आणि थोडा कापूस आहे. व्यवहार आता मोठा मुलगा पाहतो. मागच्या पावसाळ्यात गावात केळीवरील हरण्या रोगाविषयी शेतीशाळा झाली. तिथे त्यांनी अधिकाऱ्यांना विचारले, “हा रोग येतो कुठून?” ‘विषाणूमुळे होतो’ असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी पुन्हा विचारले, “पण तो विषाणू तरी कुठून आला? आणि बांधापलीकडच्या बागेत नाही, मग आमच्याच बागेत का?” मागून कोणीतरी म्हणाले, “काकू आता शास्त्रज्ञ होणार!” सगळे हसले. घरी आल्यावर यजमान रागावले नाहीत, पण “या वयात चारचौघांत असे शोभत नाही” एवढे बोलले. तेव्हापासून त्या कुठेच काही विचारत नाहीत. दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर प्रश्न तेवढे लिहून ठेवतात. “आजी, तापी पश्चिमेकडे का वाहते?” असे नातीने एकदा विचारले होते. त्याचे उत्तर त्यांना देता आले नाही आणि तो प्रश्न नात विसरली तरी त्यांच्या मनातून गेला नाही. त्या लिहितात, “जेमतेम दहावी शिकलेल्या बाईने या वयात हे सगळे जाणून काय निष्पन्न होणार? मला नीट विचारता येत नाही म्हणून लोक हसले का? ही सवय सोडावी की ठेवावी?”

ताई,

तुमच्या पत्रात स्वतःविषयीच्या शंका पुष्कळ आहेत. परंतु शेतीशाळेत विचारलेल्या त्या प्रश्नाचे पुढे काय झाले, याविषयी एकही ओळ नाही. लोकांचे हसणे लक्षात राहिले आणि प्रश्न मागे पडला. माझ्या मते त्या दिवशीचे खरे नुकसान हेच आहे, म्हणून सवय सोडावी की ठेवावी याआधी मी त्या प्रश्नाकडे येते.

हरण्या ज्या विषाणूमुळे होतो, त्याला कुकुंबर मोझॅक व्हायरस म्हणतात. तो प्रथम काकडीवर ओळखला गेला, पण भोपळा, कारली, टोमॅटो, मिरची अशी कितीतरी पिके आणि बांधावरची अनेक तणे यांच्यावरही तो राहतो. तिथून त्याला केळीपर्यंत आणतो तो मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड. रोगट पानात सोंड खुपसल्यावर काही सेकंदांतच विषाणू माव्याच्या सोंडेला लागतो आणि दुसऱ्या झाडाचा रस चाखताना तो त्या झाडात उतरतो. म्हणूनच रोग दिसल्यावर केलेली फवारणी मावा मारू शकते, पण लागण झालेले झाड बरे करू शकत नाही. रोगट झाड उपटून नष्ट करावे, बांध तणमुक्त ठेवावा आणि केळीत किंवा तिच्या शेजारी काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो घेऊ नयेत, असे कृषी विभाग सांगतो त्यामागे हेच कारण आहे. विषाणू येण्याचा दुसरा मार्ग लागवडीच्या रोपांचा आहे. ज्या झाडापासून मुनवे (बुंध्याशी फुटणारी पिले) घेतले किंवा प्रयोगशाळेत टिश्यू कल्चरची रोपे तयार केली, तेच रोगट असेल, तर रोग पहिल्या दिवसापासून बागेत असतो आणि ढगाळ, दमट, रिमझिम पावसाचे दिवस आले की दिसू लागतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न पाहा. बांधापलीकडे नाही, मग आमच्याकडेच का? त्या सभेत विचारला गेलेला हा सर्वांत मोलाचा प्रश्न होता, असे मला मनापासून वाटते. दोन्ही बागांवर तोच पाऊस पडला, तेच आभाळ होते, माती बहुधा सारखीच. तरीही एक बाग पिवळ्या पट्ट्यांनी भरली आणि दुसरी वाचली. मग या दोन बागांत वेगळे काय होते? रोपे एकाच ठिकाणची होती का, लागवड दोघांचीही मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची, होती की एकाची कांदेबाग, म्हणजे पावसाळा सरतानाची, होती, बांधावर तण कोणाच्या होते, जवळपास कोणी काकडी किंवा मिरची लावली होती का? तुमच्याकडे कापूसही आहे आणि कापसावर जो मावा येतो, त्याच जातीचा मावा काकडीवर्गीय पिकांवरही येतो, ही गोष्टसुद्धा या विचारात धरायला हवी. दोन सारख्या गोष्टी शेजारी ठेवून त्यांतला फरक शोधणे ही संशोधन केंद्रातही वापरली जाणारी रीत आहे. तुम्ही ती कुठे शिकला नाहीत. रोज बांधावरून ये-जा करताना तुमच्या नजरेने ती उचलली. मागे बसून ज्यांनी हसून घेतले, त्यांच्यापैकी कितीजणांच्या बागेत हरण्या होता आणि त्यांतल्या कितीजणांना हेच विचारायचे होते, याचा विचार करून पाहा. अधिकारी हसले, असे तुम्ही लिहिलेले नाही. हसले ते बरोबरीचे लोक. ज्याला स्वतःला विचारण्याचा धीर होत नाही, त्याला दुसऱ्याने विचारलेले पाहून अवघडल्यासारखे होते आणि ते अवघडलेपण हसण्यावारी नेणे त्याला सोपे जाते. अशा हसण्यावरून तुमच्या प्रश्नाची किंमत ठरवू नका.

यजमानांच्या वाक्यात मात्र दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या करून पाहू. ‘चारचौघांत’ ही एक आणि ‘या वयात’ ही दुसरी. पहिल्या गोष्टीत थोडे तथ्य असू शकते. पन्नास माणसे बसलेली आहेत, अधिकाऱ्यांना पुढच्या गावी जायचे आहे, आणि एकाच व्यक्तीने पाठोपाठ तीन प्रश्न विचारले, तर सभेत चुळबुळ होते. तिथे एक प्रश्न उभे राहून विचारावा आणि उरलेले सभा संपल्यावर, अधिकारी गाडीकडे निघण्याआधी, वही उघडून विचारावेत, हे मला व्यवहाराचे वाटते. ही विचारण्याच्या जागेची आणि वेळेची गोष्ट झाली. तेवढ्यासाठी विचारणेच सोडून देण्याचे काही कारण नाही. दुसरी गोष्ट, वयाची, मला मुळीच मान्य नाही, आणि तिच्याविषयी जरा विस्ताराने लिहिते, कारण अशी पत्रे मला पुष्कळ येतात. कोणी निवृत्त शिक्षक लिहितात, कोणी सुनेला संगणक कसा चालवायचा हे विचारायला संकोचणाऱ्या सासूबाई लिहितात, आणि सर्वांच्या पत्रात ‘आता या वयात’ हे शब्द असतात.

आपल्याच खान्देशात, चाळीसगावजवळ पाटणे येथे, १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. त्यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याची नोंद या लेखात आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. ‘सिद्धांतशिरोमणी’ हा मोठा ग्रंथ त्यांनी ११५० साली, छत्तिसाव्या वर्षी पूर्ण केला. एवढे करून थांबले असते तरी त्यांचे नाव राहिलेच असते. पण ग्रहांच्या स्थितीचे गणित अधिक सोप्या रीतीने कसे करता येईल, हा विचार त्यांना सोडत नव्हता आणि त्यावरचा ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ त्यांनी ११८३ च्या सुमारास, एकोणसत्तर वर्षांचे असताना लिहिला. तुमच्याहून पंधरा वर्षांनी मोठे. तुम्ही ग्रंथ लिहावा, असे मी सुचवत नाही. एवढेच सांगते की, कुतूहलाला वय असते ही समजूत आपण शाळेवरून करून घेतली आहे. शाळेत विचारायचे ते लहानांनी आणि सांगायचे ते मोठ्यांनी, ही तिथली सोय आहे. ती आयुष्यभराचा नियम मानण्याचे कारण नाही. खरे तर वय वाढले की प्रश्न अधिक चांगले पडायला हवेत, कारण तुलना करायला हाताशी अधिक काही असते. दहा वर्षांच्या मुलीला दोन बागांतला फरक दिसणार नाही. तीस-पस्तीस हंगाम पाहिलेल्या बाईला तो चालता चालता दिसतो.

‘जेमतेम दहावी’ या शब्दांबद्दलही बोलायला हवे. जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव दिले आहे, त्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते, हे आपल्या भागात सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याचा आधार घेऊन ‘शिक्षणावाचून काही अडत नाही’ असे म्हणणारे मला पटत नाहीत. शिक्षणावाचून अडते, आणि बायकांचे फार अडले. तुमची बारावी करण्याची इच्छा मनात कुठे असेल, तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या परीक्षेला बसता येते. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात चौकशी केल्यास मुदत आणि कागदपत्रे कळतील. पण प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळवण्यासाठी ती परीक्षा देऊ नका. तो अधिकार तुमच्याकडे आजही आहे.

आता ‘काय निष्पन्न होणार’ याकडे वळते आणि त्यासाठी तुमच्या नातीचा प्रश्न घेते, कारण हरण्याच्या प्रश्नाचा उपयोग कोणालाही समजेल. तापी पश्चिमेकडे का वाहते हे कळून केळीचा घड मोठा होणार नाही, असे कोणीही म्हणू शकते.

महाराष्ट्राच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. म्हणून गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर उगम पावते आणि तरीही त्या समुद्राकडे पाठ फिरवून थेट बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. तापीचा उगम मध्य प्रदेशात मुलताईजवळचा. ती सुमारे ७२४ किलोमीटर वाहत सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. हा फरक पडण्याचे कारण असे सांगतात की, उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा यांच्यामधली जमीन भूगर्भातील भेगांच्या दरम्यान खचलेली आहे. त्या खचलेल्या पट्ट्यातून नदीला वाट मिळाली, आणि पठाराचा उतार काहीही असला तरी ती त्या वाटेने गेली. नर्मदेचेही तसेच आहे. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवला जे गरम पाण्याचे झरे आहेत, त्यांचाही संबंध भूशास्त्रज्ञ अशा खोल भेगांशी जोडतात. नातीला हे सांगताना भिंतीवरचा नकाशा काढा आणि तिलाच दोन्ही नद्यांवरून बोट फिरवायला सांगा. पुढचा प्रश्न ती स्वतः विचारील.

पण आता इथे थांबू नका. या खचलेल्या पट्ट्यात लाखो वर्षे सातपुड्यावरून आणि नदीतून आलेला गाळ साठत गेला, म्हणून तुमच्याकडे काही ठिकाणी शेकडो फूट खोल गेले तरी खडक लागत नाही. सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी या गाळात मोठे दगडगोटे, वाळू आणि खडे आहेत. डोंगरातून उतरणारे नाले तिथे आले की त्यांचे पाणी भराभर जमिनीत मुरते. तुमच्या शिवारातील विहिरींना आणि बोअरना जे पाणी मिळते, त्याचा मोठा वाटा या पायथ्याच्या पट्ट्यात मुरलेल्या पाण्याचा असतो. केळीचे क्षेत्र वाढले, उपसा वाढला, तसे यावल, रावेर, चोपडा भागांत पाणी खोल जात राहिले. गावात बोअर घेताना सर्वजण एकच प्रश्न विचारतात, “पाणी किती फुटांवर लागेल?” त्याचे उत्तर मिळते, बोअर होते, आणि काही वर्षांनी त्याहून खोल दुसरे घ्यावे लागते. “आपल्या विहिरीत पाणी येते कुठून, आणि तिथे ते मुरावे म्हणून काय चालले आहे?” हा प्रश्न कोणी विचारला, तर चर्चा बोअरवाल्याच्या दरावरून नाल्याच्या खोलीकरणाकडे आणि पायथ्याच्या पाझर तलावांकडे वळेल. तापीविषयी विचारणारी नात आणि पाण्याविषयी विचार करणारे तुमचे गाव यांच्यात अंतर वाटते तेवढे नाही. कोणता प्रश्न पुढे कुठे उपयोगी पडेल, हे आधी ठरवता येत नाही, म्हणून उपयोगाच्या अटीवर कुतूहलाला परवानगी देणे मला योग्य वाटत नाही. आणि समजा काहीच उपयोग झाला नाही, तरी ज्या नदीच्या काठी आयुष्य काढले, ती अशी का वाहते हे माणसाला कळावे, एवढे कारण मला पुरेसे आहे.

राहिला तुमचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न : मला नीट विचारता येत नाही का? विचारता येते, पण त्यात अधिक तयार होता येईल, आणि त्यासाठी पुन्हा भास्कराचार्यांकडे जाऊ. त्यांचे ‘लीलावती’ हे पुस्तक प्रश्नांनी भरलेले आहे. त्यातल्या एका गणितात तळ्यातील कमळाची कळी पाण्यावर अर्धा हात उभी आहे. वाऱ्याने हळूहळू कलत जाऊन ती मूळ जागेपासून दोन हातांवर बुडते. तर पाणी किती खोल आहे ते सांग, असे विचारले आहे. उत्तर पावणेचार हात. या प्रश्नाची रचना बारकाईने पाहा. विचारणाऱ्याने आधी जे मोजता येते ते मोजले आहे, जे दिसते ते सांगितले आहे, आणि मग नेमकी एकच अज्ञात गोष्ट मागितली आहे. तळ्यात उतरावे लागत नाही, कोणाच्या मोठेपणाची गरज पडत नाही. “हा रोग येतो कुठून?” या प्रश्नात ऐकणाऱ्याला काहीच दिलेले नाही, म्हणून अधिकाऱ्यांनी एका शब्दात उत्तर दिले आणि ते चूकही नव्हते. “आमची आणि शेजारची लागवड एकाच आठवड्यातली, रोपे वेगवेगळ्या ठिकाणची, आमच्याकडे पहिली रोगट झाडे कापसाच्या बाजूच्या ओळींत दिसली, यावरून रोग रोपांतून आला की माव्यातून, हे कसे ओळखावे?” असे विचारले असते, तर त्यांना थांबून विचार करावा लागला असता. पहिली रोगट झाडे कडेच्या ओळींत असणे आणि बागभर विखुरलेली असणे यांचे अर्थ वेगळे निघू शकतात. तुमच्या बागेत ती कुठे दिसली होती, हे तुम्हाला आठवते का? नसेल, तर या वर्षी वहीत ओळ आणि तारीख लिहून ठेवा. प्रश्न चांगला होण्यासाठी भाषा सुधारावी लागते असे अनेकांना वाटते. भाषा तुमची उत्तम आहे. आणखी हवी आहे ती आधी केलेली पाहणी.

आणखी एक सवय मी सर्व वाचकांना सुचवीन. उत्तर मिळाल्यावर नम्रपणे “हे कशावरून?” असे विचारावे. धुळ्यात १९२६ साली ज्यांचे निधन झाले, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी अस्सल कागद पाहिल्याशिवाय काही खरे मानायचे नाही या आग्रहापायी गावोगावी दप्तरे शोधत आयुष्य घालवले. आपल्याला तेवढे करावे लागत नाही, पण फोनवर कोणी केळीचा उपाय सांगत असेल, तर तो कोणत्या प्रदेशातील बागेविषयी बोलतो आहे, हे विचारता येते. तामिळनाडूतील बागायतदाराने डिसेंबरात दिलेला सल्ला त्याच्या जागी अगदी बरोबर असेल. आपल्याकडे त्याच दिवसांत कडाक्याची थंडी पडते, केळीवर चरका, म्हणजे थंडीचा चटका, पडतो, वाढ थांबते, घड अडकतात. त्याचे उत्तर आपल्या थंडीला धरून दिलेले नसते. फोनमुळे विचारण्याची गरज संपली, असे तुमच्या मुलाला वाटत असेल, तर त्याला एवढेच सांगा की उत्तरे मुबलक झाली की कोणते उत्तर आपले आहे हे निवडण्याचे काम वाढते, आणि ते काम आपल्यालाच करावे लागते. खात्री करून घ्यायची असेल, तर पालचे किंवा ममुराबादचे कृषी विज्ञान केंद्र आणि जळगावचे केळी संशोधन केंद्र आहे. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही विचारता येते.

‘का’ हा शब्द मला प्रिय आहे, पण तो सर्वत्र चालत नाही, हेही सांगायला हवे. सरकारी कचेरीत तो विशेषतः निरुपयोगी ठरतो. “आमचा रस्ता का झाला नाही?” असे माहितीच्या अधिकाराखाली विचारले, तर तशी कारणमीमांसा देणे बंधनकारक नाही असे उत्तर येऊ शकते, कारण २००५ चा हा कायदा कार्यालयाच्या दप्तरी असलेली माहिती मिळवून देतो. त्याच रस्त्यासाठी किती रक्कम मंजूर झाली, कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेचा आहे आणि मोजमाप पुस्तिकेतील नोंदींची प्रत मिळावी, असे लिहिले, तर दहा रुपयांचे अर्जशुल्क आणि प्रतींचा खर्च भरल्यावर ती माहिती तीस दिवसांत द्यावी लागते, आणि ‘का’चे उत्तर त्या कागदांतून आपोआप उघडे पडते. आपल्या राज्यात असा अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ही अट अनेकांना जाचक वाटते, पण मोजके विचारण्याचा सराव तिच्यामुळे होतो. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते, हेही लक्षात असू द्या. चारचौघांत बोलण्याचा संकोच असेल, तर सुरुवात तिथे करता येईल. दवाखान्यातही थोडी तयारी पुरते : घरात कोणाला मधुमेह असेल, तर “साखर किती आहे?” यापेक्षा “एचबीए१सी किती आहे, आणि मागच्या वेळेपेक्षा वाढले की उतरले?” असे विचारावे, कारण त्यावरून साधारण तीन महिन्यांचा अंदाज येतो, एका सकाळचा नव्हे.

ज्यांना प्रश्न विचारले जातात, अशा वाचकांनाही मला काही सांगायचे आहे. तुमच्या आईने, सासूने किंवा सभेतील एखाद्या काकूंनी काही विचारले आणि उत्तर माहीत नसेल, तर ‘माहीत नाही, पाहून सांगतो’ असे म्हणा आणि खरोखर पाहून सांगा. हसण्यावारी नेलेला प्रश्न पुन्हा विचारला जात नाही. त्या बाईंनी त्या बागेत काय पाहिले होते, हे मग कोणालाच कळत नाही, आणि रोग पुढच्या वर्षी पुन्हा येतो. शिक्षकांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण वर्गात गप्प बसवलेले मूल पुढे चौपन्नाव्या वर्षीही वहीच्या मागच्या पानावरच लिहीत राहते.

तेव्हा ताई, तुमच्यापुढे तीन वाटा आहेत असे मला दिसते. गप्प राहणे सोपे आहे आणि घरात शांतता राहील, पण वही भरत जाईल आणि तुम्ही स्वतःवरच नाराज व्हाल. ती नाराजी पत्रात आताच दिसते. पूर्वीसारखेच मनात येईल ते तिथल्या तिथे विचारत राहणेही चालेल, फक्त त्यात उत्तरे एका शब्दाची मिळतील. तिसरी वाट मला पसंत आहे. दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने सोडा आणि प्रश्नांसाठी वेगळी वही करा. प्रत्येक प्रश्नाखाली तुम्ही स्वतः काय पाहिले ते लिहा, मग कोणाला विचारायचे ते लिहा, आणि उत्तर मिळाल्यावर ते कोणी, कशावरून सांगितले हेही लिहा. महिन्यातून एखादाच प्रश्न शेवटपर्यंत न्या. बाकीचे पडून राहिले तरी हरकत नाही. काही प्रश्न वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि त्यांत काही वाईट नाही.

या वहीतला पहिला प्रश्न यजमानांना विचारावा, असे मला वाटते. तुमच्या पत्रात ते रागीट वाटत नाहीत. लोक तुम्हाला हसले याचे त्यांना वाईट वाटले असावे आणि ते त्यांना दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगता आले नसावे. शिवाय मला अशी शंका आहे की, त्या माणसालाही पुष्कळ वर्षांत कोणी काही विचारलेले नाही. व्यवहार मुलाकडे गेला, सल्ला फोनवरून येतो, आणि त्यांच्याकडे जे ज्ञान आहे ते कोणाच्या कामी येत नाही. त्यांना विचारा : आपले लग्न झाले तेव्हा विहिरीला किती परसांवर (परस म्हणजे पुरुषभर खोलीचे माप) पाणी होते, उन्हाळ्यात ते किती उतरायचे, आणि पाणी पुरेनासे झाले हे पहिल्यांदा कोणत्या साली जाणवले? विहिरीत शेवटचा गाळ कधी काढला आणि खाली वाळू लागली की चिकण माती, हेही त्यांना सांगता येईल. ते जे सांगतील ते सालासह उतरवून घ्या, मुलाला बोअरच्या नोंदी काढायला सांगा, आणि दोन्ही एका पानावर लिहून पुढच्या ग्रामसभेला दोघे मिळून जा. पाण्याचा विषय निघाला की तो कागद यजमानांनी वाचावा आणि प्रश्न तुम्ही विचारावा. सभेत काय झाले, ते मला अवश्य कळवा.